व्हाइटचॅपेल १८८८ : समकालीन कागद की निवृत्तांच्या आठवणी?

दप्तरखाना (धागाकर्ता) :

लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात १८८८ साली झालेल्या, ‘जॅक द रिपर’च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्यांविषयी गेली काही वर्षे मिळेल ते वाचतो आहे, आणि वाचन वाढले तसतसा ‘खुनी कोण’ या प्रश्नातला माझा रस आटत गेला. त्याच्या जागी दुसराच प्रश्न येऊन बसला : या प्रकरणातील कोणत्या कागदावर किती भार टाकावा? बखर आणि अस्सल कागद यांच्यातला तंटा आपल्याकडच्या इतिहासाच्या वाचकाला नवा नाही. तोच तंटा इथेही आहे, आणि माझे मत असे की इथे बखरींनी कागदांना पार झाकून टाकले आहे.

लंडनचे पोलीस अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटन यांचे २३ फेब्रुवारी १८९४ चे टिपण घ्या. ड्रुइट, कॉझ्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग ही संशयितांची तीन नावे त्यातूनच पुढे आली आणि अनेक पुस्तके त्यांवर उभी राहिली. परंतु मॅकनॉटन पोलीस दलात रुजू झाले ते जून १८८९ मध्ये, म्हणजे या मालिकेतला शेवटचा मानल्या जाणाऱ्या मेरी जेन केलीच्या खुनानंतर सात महिन्यांनी. ड्रुइट हा डॉक्टर असल्याचे ते सांगतात, तर प्रत्यक्षात तो बॅरिस्टर होता आणि ब्लॅकहीथच्या एका शाळेत शिकवत होता. कॉझ्मिन्स्कीला मार्च १८८९ च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात हलवल्याचे ते म्हणतात, तर आरॉन कॉझ्मिन्स्की कोल्नी हॅच येथे दाखल झाला फेब्रुवारी १८९१ मध्ये. ऑस्ट्रॉगची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे : खून होत होते त्या काळात हा गृहस्थ फ्रान्समध्ये कोठडीत होता, हे पुढे तिथल्या कागदांवरून सिद्ध झाले. तीन नावांपैकी एक जण देशातच नव्हता, आणि तरीही ते टिपण अव्वल दर्जाचे साधन म्हणून मिरवते.

खून ‘पाचच’ झाले हा आकडादेखील त्याच टिपणाने रूढ केला. पोलिसांच्या मूळ फायलीत एप्रिल १८८८ मधील एमा स्मिथपासून फेब्रुवारी १८९१ मधील फ्रान्सेस कोल्सपर्यंत अकरा प्रकरणे आहेत.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. घटनेच्या वेळी, घटनेशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या माणसाने दिलेली साक्ष किंवा लिहिलेला अहवाल सर्वांत वर. त्याखाली त्या दिवसांतील वर्तमानपत्रे. आणि पाच, दहा, वीस वर्षांनी लिहिलेली टिपणे व आत्मचरित्रे सर्वांत खाली, खरे तर पुराव्याच्या बाहेरच.

उलटतपासणी :

मी वकिली करते, त्यामुळे ‘साक्ष सर्वांत वर’ हे वाक्य वाचून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

पहिली अडचण अशी की ज्या समकालीन कागदांना तुम्ही वरची पायरी देता, ते बहुतांशी उरलेलेच नाहीत. मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा कोरोनर मुंबईकरांना परका नसावा, शहरात हे पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते. लंडनमध्ये या पाच स्त्रियांच्या मृत्यूंची चौकशी कोरोनरपुढे झाली, पण साक्षींचे मूळ दप्तर टिकले ते फक्त कॅथरीन एडोज आणि मेरी केली यांच्या बाबतीत. निकोल्स, चॅपमन आणि स्ट्राइड यांच्या चौकशीत कोण काय बोलले, हे आज आपल्याला कळते ते वर्तमानपत्रांतून. म्हणजे तुमची पहिली पायरी पाचपैकी तिघींच्या बाबतीत दुसऱ्या पायरीवरच उभी आहे.

आणि ती दुसरी पायरी किती डळमळीत आहे, याला इझ्रायल श्वार्ट्झची जबानी साक्षी आहे. स्ट्राइड जिथे मारली गेली त्या बर्नर स्ट्रीटवर त्या रात्री एक माणूस एका स्त्रीला खाली पाडत असल्याचे त्याने पाहिले, आणि रस्त्यावर दुसराही एक माणूस होता. पोलिसांच्या अहवालात हा दुसरा माणूस पाइप पेटवतो आहे. १ ऑक्टोबरच्या ‘स्टार’ या वर्तमानपत्रात तोच माणूस सुरी घेऊन धावून येतो. मध्ये एका दिवसाचे अंतर, साक्षीदार एकच, आणि त्याला इंग्रजी येत नसल्यामुळे दोन्हीकडे दुभाषा. शिवाय पोलिसांनी घेतलेली मूळ जबानीही आज नाही. आपल्यासमोर आहे तो तपासाचे कागद पाहणारे पोलीस अधिकारी स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरला केलेला गोषवारा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मेरी केली लिमरिकमध्ये जन्मली, वेल्समध्ये वाढली, तिचा नवरा खाणीत मेला, हे सारे आपल्याला माहीत आहे ते तिच्याबरोबर राहिलेल्या जोसेफ बार्नेटच्या साक्षीमुळे. ही साक्ष शपथेवर झालेली, खुनानंतर तीनच दिवसांनी दिलेली आणि मूळ स्वरूपात टिकलेली आहे. तुमच्या कसोटीला याहून चांगला कागद सापडणार नाही. पण बार्नेट सांगतो आहे ते केलीने त्याला सांगितलेले आहे, म्हणजे ऐकीव आहे, आणि शतकभर शोध घेऊनही त्यातील तिच्या पूर्वायुष्याला दुजोरा देणारी नोंद सापडलेली नाही. कागद अस्सल असला म्हणजे त्यातील मजकूर खरा ठरत नाही.

शाईचा डाग :

उलटतपासणी यांच्याशी सहमत, आणि एक दुरुस्ती. ‘पाच’ हा आकडा मॅकनॉटन यांनी १८९४ मध्ये प्रथम काढला असे नव्हे. पोलिसांसाठी शवे तपासणारे डॉ. थॉमस बाँड यांच्या १० नोव्हेंबर १८८८ च्या अहवालात पाचही खून एकाच हाताने झाल्याचे म्हटलेले आहे. केलीच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी लिहिलेला हा अहवाल आहे, तेव्हा तो तुमच्या पहिल्या पायरीवर बसवावा लागेल.

अवांतर : बाँड यांनी केलीच्या शवाची केलेली टिपणे आणि खुन्याच्या नावाने आलेले, ‘जॅक द रिपर’ अशी सही असलेले ते प्रसिद्ध ‘डिअर बॉस’ पत्र अनेक वर्षे गहाळ होते, आणि १९८७ मध्ये कोणी तरी निनावीपणे पोलिसांकडे परत पाठवले. दप्तरातून कागद पळवणाऱ्यांनाही कधी कधी पश्चात्ताप होतो म्हणायचा.

दप्तरखाना :

बाँड यांच्याबद्दलची दुरुस्ती मान्य, माझ्याकडून घाई झाली. मात्र बाँड यांनी स्वतः तपासले ते एकट्या केलीचे शव. उरलेल्या चौघींविषयी ते इतरांची टिपणे वाचून बोलत होते. शवे प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांमध्येही एकमत नव्हते : ॲनी चॅपमनचे शव तपासणाऱ्या डॉ. फिलिप्स यांना खुन्याच्या कामात शरीरशास्त्राचे ज्ञान दिसले, बाँड यांना तसे काहीच दिसले नाही.

श्वार्ट्झचा मुद्दा माझ्या विरोधात नसून बाजूने आहे, असे मला वाटते. पाइपचा माणूस सुरीवाला झाला हे आपल्याला कळते कसे? त्याच महिन्यातले दोन कागद शेजारी ठेवता येतात म्हणून. मॅकनॉटन यांना ड्रुइटबद्दल खासगी माहिती मिळाली होती, त्याच्या घरच्यांनाच त्याचा संशय होता, असे ते सांगतात, पण या माहितीच्या शेजारी ठेवायला आपल्याकडे काहीही नाही. ती तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर लोक मजले चढवतात.

समकालीन नोंदीचे मोल पाहायचे तर एडोजजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी वाचावी. चिंध्यांचे तुकडे, मातीचे दोन आखूड पाइप, पत्र्याच्या डब्यांत थोडा चहा आणि थोडी साखर, एक लाल हातमोजा, असे सारे पोलिसांनी उतरवून ठेवले आहे. एका बेघर बाईचा सगळा संसार त्या यादीत आहे. २०१४ पासून एडोजची म्हणून सांगितलेल्या ज्या शालीवरच्या डीएनएमुळे खुनी सापडल्याचा गाजावाजा झाला, ती शाल मात्र या यादीत नाही. ज्या नोंदीत हातमोजा सुटला नाही, त्यातून एवढी मोठी शाल कशी सुटेल? शिवाय ज्या जनुकीय खुणेला दुर्मीळ म्हटले गेले, ती नाव देण्यातील चूक दुरुस्त करता बहुतेक युरोपीय लोकांत आढळणारी निघाली. पण मला तर यादीच पुरेशी वाटते.

उलटतपासणी :

यादीबद्दल वाद नाही. त्या यादीचे मोल ती त्या रात्रीची आहे म्हणून नाही, तर लिहिणाऱ्याला काहीही सिद्ध करायचे नव्हते म्हणून आहे. आपल्यातला खरा मतभेद इथेच आहे. तुम्ही कागदाचे वय पाहता, मी तो कशासाठी लिहिला गेला हे पाहते.

जॉर्ज हचिन्सन १२ नोव्हेंबर १८८८ ला संध्याकाळी पोलीस ठाण्यात आला. खून झाला त्या रात्री दोनच्या सुमारास केलीबरोबर दिसलेल्या माणसाच्या पापण्यांपासून सोन्याच्या साखळीत लटकणाऱ्या लाल खड्यापर्यंत सारे वर्णन त्याने दिले, आणि तपास करणारे पोलीस निरीक्षक ॲबरलाइन यांनी ते खरे असल्याचे आपले मत लिहून ठेवले. तुमच्या पायऱ्यांवर याचे स्थान वरचे. पण केलीच्या मृत्यूची चौकशी त्याच दिवशी संपली होती, आणि तीत सारा लुइस या स्त्रीने केली राहत होती त्या मिलर्स कोर्टच्या समोर एक माणूस ताटकळत उभा असलेला पाहिल्याचे सांगितले होते. हचिन्सनची हकीकत लुइसच्या साक्षीला दुजोरा देते, की त्या साक्षीची कुणकुण लागल्यामुळे पुढे येऊन तिथे असण्याचे कारण देते? कागदावरची तारीख याचे उत्तर देणार नाही. तीन दिवस गप्प राहून चौकशी संपल्यावर तोंड उघडणाऱ्या साक्षीदाराला मी न्यायालयात सहज सोडणार नाही.

याच नजरेने मॅकनॉटन पाहा. फेब्रुवारी १८९४ मध्ये ‘सन’ या वर्तमानपत्राने ब्रॉडमूरच्या वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात ठेवलेला एक वेडा हाच खुनी असल्याची लेखमाला छापली. रोख थॉमस कटबुशकडे होता. मॅकनॉटन यांनी टिपण लिहिले ते त्याचे खंडन करण्यासाठी. कटबुशपेक्षा या तिघांपैकी कोणावरही संशय घेणे अधिक सयुक्तिक ठरेल, एवढेच ते म्हणतात. तीन खुनी सापडले असे त्या टिपणात कुठेही नाही, ते नंतरच्या लेखकांनी वाचले. तेव्हा दोष टिपणाचा कमी आणि वाचणाऱ्यांचा अधिक.

आता एक प्रश्न. ‘डिअर बॉस’ पत्र आणि त्यातले ‘जॅक द रिपर’ हे नाव वार्ताहराने रचले, असे तुम्हीही मानत असाल. कशाच्या आधारावर? वरिष्ठ पोलीस अधिकारी अँडरसन यांचे आत्मचरित्र १९१० चे, मॅकनॉटन यांचे १९१४ चे, आणि सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेच्या बुलिंगचे नाव घेणारे निवृत्त पोलीस अधिकारी लिटलचाइल्ड यांचे पत्र सप्टेंबर १९१३ चे. पंचवीस वर्षांनंतरच्या बखरी इथे चालतात, आणि कॉझ्मिन्स्कीच्या वेळी चालत नाहीत?

दप्तरखाना :

हा घाव बसला, नाकारत नाही.

थोडा बचाव करतो. पत्र बनावट असावे ही शंका समकालीन आहे : खुद्द पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी ऑक्टोबर १८८८ मध्येच गृहखात्याला कळवले होते की सध्या तरी आपल्याला हा सारा प्रकार थट्टेचा वाटतो. त्याआधी त्यांच्याच खात्याने पत्राची प्रतिकृती भिंतींवर लावली आणि मग अशा पत्रांचा पाऊस पडला, तो भाग वेगळा. मात्र ते वार्ताहराने लिहिले, आणि अमुक वार्ताहराने लिहिले, हे दोन दावे उशिराच्याच कागदांवर उभे आहेत. अँडरसन, मॅकनॉटन आणि लिटलचाइल्ड तिघेही एकाच कार्यालयातले, तेव्हा तिघांचे म्हणणे हे कार्यालयातील एकाच वदंतेचे तीन पडसाद असू शकतात. म्हणून ‘बनावट’ एवढे ठेवतो आणि बुलिंगचे नाव सोडून देतो.

पण कॉझ्मिन्स्कीबाबत मागे हटणार नाही. अँडरसन यांच्या आत्मचरित्राच्या आपल्या प्रतीत स्वॉन्सन यांनी पेन्सिलीने टिपा लिहिल्या, त्या जगासमोर आल्या १९८७ मध्ये. संशयित कॉझ्मिन्स्कीला ‘सीसाइड होम’ नावाच्या ठिकाणी नेऊन साक्षीदाराकडून ओळख पटवली, पुढे त्याला स्टेप्नीच्या वर्कहाउसात (गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात) आणि तिथून कोल्नी हॅचला पाठवले, आणि तो लवकरच मेला, असे त्यांत आहे. आरॉन कॉझ्मिन्स्की वारला १९१९ मध्ये, आणि त्याच्या नोंदींत वर्कहाउस आहे ते माइल एंडचे. त्या ओळख परेडचा १८८८ ते १८९१ मधील एकही कागद नाही. उलट तपासात प्रत्यक्ष राबलेल्या ॲबरलाइन यांनी नंतर स्पष्ट सांगितले की स्कॉटलंड यार्डला पंधरा वर्षांपूर्वी होते त्याहून अधिक काही कळलेले नाही.

शाईचा डाग :

टिपांतील चुका स्मृतीच्या आहेत, हेतूच्या नाहीत. स्वॉन्सन यांनी त्या स्वतःच्या पुस्तकाच्या समासात, स्वतःसाठी लिहिल्या. छापून आणल्या नाहीत की विकल्या नाहीत. संशयित व्हाइटचॅपेलमध्ये भावाच्या घरी राहत होता असे ते लिहितात, आणि आरॉनचे भाऊ त्या परिसरात राहत होते, हे नोंदींवरून दिसते. वर्कहाउसचे नाव चुकणे निराळे आणि गोष्ट रचणे निराळे. १८८८ च्या शरदात या प्रकरणाचा प्रत्येक कागद ज्याच्या टेबलावरून गेला, अशा माणसाची आठवण पुराव्याच्या बाहेर टाकणे मला उधळपट्टी वाटते, विशेषतः सिटी पोलिसांची (लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागाच्या वेगळ्या दलाची) दप्तरे महायुद्धातील बॉम्बवर्षावात जळाल्यानंतर.

उलटतपासणी :

मी शाईचा डाग यांच्याइतकी उदार होणार नाही. हातातल्या टिपा खासगी होत्या हे खरे, पण त्या वरिष्ठाच्या पुस्तकाच्या समासात आहेत, आणि वरिष्ठाचे म्हणणे पुरे करण्यासाठी लिहिल्या आहेत. सप्टेंबर १८८८ चा बराच काळ अँडरसन स्वतः रजेवर स्वित्झर्लंडमध्ये होते, हेही ध्यानात ठेवावे.

दप्तरखाना, तुम्ही ॲबरलाइन यांचे जे विधान शेवटी ठेवलेत, ते १९०३ मधल्या ‘पॉल मॉल गॅझेट’ च्या मुलाखतीतले आहे. निवृत्त अधिकारी, पंधरा वर्षांनंतर, वर्तमानपत्रात. आणि त्याच मुलाखतीत स्वतःचा संशयित म्हणून ते स्त्रियांना विष घालून मारणाऱ्या जॉर्ज चॅपमनचे नाव पुढे करत होते.

दप्तरखाना :

खरे आहे. ते वाक्य मला आवडते म्हणून वर ठेवले होते, तारीख न पाहता. ॲबरलाइन त्याच कप्प्यात जातील, अँडरसन यांच्या शेजारी. मात्र कप्पा पुराव्याच्या आत आहे की बाहेर, यावर मी अजून अडून आहे. सीसाइड होमच्या ओळख परेडचा त्या काळातला एखादा खर्चाचा कागद, प्रवासाची नोंद, काहीही कोणी दाखवले तर पुन्हा बोलू.