प्रतिसाद : करार फोटोपुरतेच, हे अर्धंच खरंय

भो, वर तुम्ही लिहिलंय की विद्यापीठ, कंपन्या आणि सरकार यांचे करार म्हणजे शाल, श्रीफळ आन फोटो. पुष्कळदा तसंच असतं, पण आपल्या जळगावात केळीचं काय झालं ते बघा की. जैन इरिगेशन कंपनीनं ग्रँड नैन या केळीच्या जातीची टिश्यूकल्चर (लॅबमध्ये वाढवलेली) रोपं आन ठिबक आणलं, राहुरी कृषी विद्यापीठाच्या इथल्या केळी संशोधन केंद्रानं खताचे डोस बसवले, आणि सरकारनं ठिबकला सबसिडी दिली, नाहीतर दोन-अडीच एकरवाल्यानं नळी घेतली असती का? २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं.

आता जिथं अडतंय ते सांगतो. रावेर-यावलकडे पावसाळ्यात केळीवर हरण्या रोग येतो, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), पानावर पिवळे पट्टे पडतात, मग पोंगा (मधला कोंब) सडतो आन झाड उपटून फेकण्याशिवाय इलाज नाही कारण व्हायरसवर औषधच नाही, मारायचा तो रोग पसरवणारा मावा किडा, आणि तो शेजारच्या काकडी-टमाट्यावरून येतो. मातृझाडाची लॅबमध्ये टेस्ट करून मगच रोपं बनवली तर निदान नर्सरीतून तरी रोग येणार नाही. मोठ्या लॅब करतात हे, पण गल्लीबोळातल्या नर्सऱ्यांचं कोण तपासतं?

आपल्या उमविला (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आता बहिणाबाईंचं नाव आहे, पण जुनी सवय) लाइफ सायन्सचा विभाग आहे. तिथली पोरं जून-जुलैत नर्सऱ्यांचे सॅम्पल तपासतील, टेस्टच्या किटचा खर्च नर्सरीवाल्यांनी करावा आणि कृषी खात्यानं रिपोर्ट बघूनच रोपं विकू द्यावी. एवढा करार करा ना, फोटो मग खुशाल काढा.