होसे लॉरेल: देशभक्त की जपान्यांचं प्यादं?

कोर्टकचेरी: फिलिपिन्सच्या १९३५ च्या घटनेतले मूलभूत हक्क ज्या समितीने लिहिले तिचे हे अध्यक्ष, बातांगासचे वकील, येलची डॉक्टरेट, मग सुप्रीम कोर्टात जज. १९३६ चा आंगारा खटल्याचा निकाल यांचाच, तिथल्या न्यायिक पुनर्विलोकनाचा (म्हणजे सरकारचे निर्णय घटनेला धरून आहेत का हे कोर्टाने तपासण्याचा) पायाच म्हणा. आणि हेच १९४३ ला जपानच्या ताब्यातल्या मनिलात राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणून लोक गद्दार म्हणतात. मला नाही पटत. अध्यक्ष केझॉन देश सोडून गेले होते, मागे उरलेल्या जनतेसाठी जपान्यांशी बोलायला कोणीतरी लागणारच होतं ना?

खडूस_काकू: बोलणं वेगळं नि खुर्चीत बसणं वेगळं. सरन्यायाधीश आबाद सांतोस पण मागेच राहिलेले, जपान्यांना सहकार्य द्यायला नाही म्हणाले, मे १९४२ मध्ये गोळ्या घातल्या त्यांना. पर्याय होता, महाग होता एवढंच.

कोर्टकचेरी: काकू, सगळ्यांनी हुतात्मा व्हायचं ठरवलं तर धान्याचं कोण बघणार? सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेशी युद्ध जाहीर केलं खरं, पण सक्तीची सैन्यभरती केली नाही, जपान्यांना हवा होता तसा एकही फिलिपिनो शिपाई दिला नाही. शेवटी जपान्यांना माकापिली नावाची जपानधार्जिण्या फिलिपिनोंची वेगळी सशस्त्र टोळी उभी करावी लागली.

रात्रपाळी: १९४३ ला गोल्फ खेळताना यांना गोळ्या लागल्या त्या अमेरिकनांच्या नव्हे, तिथल्याच जपानविरोधी गनिमी लढवय्यांच्या, तेव्हा जनतेसाठी वगैरे जरा जपून. आणि कुणी सुभाषबाबूंचं नाव काढायच्या आधीच सांगतो, जपानने आपल्या बाजूच्या सरकारांची नोव्हेंबर १९४३ ला टोकियोत परिषद भरवली तिला दोघंही होते, मान्य, पण सुभाषबाबू बाहेरून लढत होते, यांच्या राजधानीत जपानी लष्करी पोलीस यांच्याच लोकांना सांतियागो किल्ल्यात डांबून छळत होते आणि हक्कांचं कलम लिहिणारा माणूस वर अध्यक्ष!

कोर्टकचेरी: मग १९५१ ला सिनेटवर सगळ्यात जास्त मतांनी कसे निवडून आले? ज्यांनी जपानी राजवट भोगली त्यांनीच मतं दिली.

खडूस_काकू: निवडून आलं म्हणजे निर्दोष सुटलं होय? देशद्रोहाचे १३२ आरोप होते, खटला निकालापर्यंत गेलाच नाही, १९४८ ला अध्यक्ष रोहास यांनी माफी देऊन टाकली, आणि रोहास स्वतः लॉरेल सरकारात काम केलेले! तरुणपणी चाकूहल्ल्याच्या केसमध्ये हेच लॉरेल १९१२ ला सुप्रीम कोर्टातून रीतसर निर्दोष सुटले होते. या वेळी पण निकाल लागू द्यायचा होता, मग मीही गप्प बसले असते.