बोटीवरची पोरं टिकत का नाहीत?

बाणकोटचा बोसन
एका क्रू मॅनेजरची (कंपनीत खलाशांच्या नेमणुका बघणारा) पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. म्हणे, "पगार वाढवले, वाढदिवसाला केक दिला, तरी खलाशी दुसरी कंपनी धरतात. निष्ठाच उरली नाही." 22 वर्षं बोटीवर काढलीत, बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे, म्हणून लिहितो.

साहेब, केकने कोण थांबत नाही. कॉन्ट्रॅक्ट 9 महिन्यांचं. नववा संपला की "रिलीव्हर (बदली माणूस) येतोय" सुरू होतं. एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे 12 महिने पुरे व्हायच्या आत माणूस घरी पाठवायचा असतो, मग तुम्ही अकरावा महिना पुरता ओढता. गणपतीला येतो म्हणून घरी सांगितलेलं. घरात आरती चालू होती तेव्हा मी मलाक्काच्या सामुद्रधुनीत पुढच्या डेकवर पहाऱ्याला होतो.

आणि विश्रांती? नियमाने 24 तासांत निदान 10, आठवड्यात निदान 77 तास. महिनाअखेरीस चीफ ऑफिसरने विश्रांतीच्या तासांचा तक्ता सहीला आणला. ज्या रात्री 2 वाजता आम्ही हॅचचं (मालाच्या कोठाराच्या झाकणाचं) रबर बदलत होतो, त्या रात्री कागदावर मी झोपेत होतो. सही केली. पुढच्याच बंदरात दोर बांधताना एका एबीचा (डेकवरच्या अनुभवी खलाशाचा) हात दोरात सापडला. तोही तसाच जागलेला होता.

ऑफिसातला एक
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण आम्हाला कसाई ठरवू नका. रिलीव्हरचा व्हिसा, मेडिकल, विमानाचं तिकीट, यातलं एक अडकलं की सगळं अडकतं. 2020 मध्ये जगभरात सुमारे 4 लाख खलाशी बोटींवर अडकले होते. बंदरं दार उघडत नव्हती. आम्ही महिनोन्‌महिने रात्री फोनवर काढल्या. आणि कंपनीच बुडाली तर टिकवायचं कोणाला?

बाणकोटचा बोसन
2020 चं समजू शकतो. आज कुठलं बंदर बंद आहे?

दापोलीचा बाप
अडकले, अडकले म्हणता. आमचा पोरगा बोटीवर चढलाच नाही! गावच्याच एका एजंटने दीड लाख घेतले. पोरगं मुंबईत लॉजवर दोन महिने बसलं. टिकण्याच्या गोष्टी नंतर करा, आधी हे दलाल आवरा.

ऑफिसातला एक
काका, आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरती करायचा सरकारी परवाना, बघितलं होतं का? यादी डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) साइटवर आहे. नोकरी लावून द्यायचे पैसे घ्यायला बंदीच आहे. खलाशाने फक्त मेडिकल, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आणि पासपोर्टचा खर्च करायचा. व्हिसासुद्धा मालकाचा.

दापोलीचा बाप
मला शहाणपण शिकवू नका! बारावी झालेलं पोरगं, घरात सीडीसी म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नाही, ओळखीचा माणूस दारात येऊन म्हणतो "काका, माझ्यावर सोडा". यादी बघत बसणार कोण?

हर्णैची सून
काका, रागवू नका, पण त्यांचं खरं आहे. माझ्या दिरालाही असंच फसवलं. तक्रारीला गेलो तर पावतीच नाही, पैसे रोख. तेव्हापासून आमच्या वाडीत कोणी एजंटचं नाव घेतलं की मी लायसन्स नंबर विचारते. लोक मला उद्धट म्हणतात.

दापोलीचा बाप
पावती माझ्याकडेही नाही. बरं, ते माझं चुकलं. पण चोर तो चोरच.

ऑफिसातला एक
नक्कीच. मुलाला सांगा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. डीजी शिपिंगकडेही पाठवा.

हर्णैची सून
आता मूळ मुद्दा. माझे यजमान 4 कॉन्ट्रॅक्ट एकाच कंपनीत आहेत. पगार दुसरीकडे जास्त मिळतो. का राहिले? कप्तान जेवताना मेसमध्ये खाली येऊन बसतो, आणि सासरे गेले तेव्हा कंपनीने तिसऱ्या दिवशी विमानात बसवलं. ते दहाव्याला पोहोचले. तेवढ्यावर ते राहिले. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, लेकीला बाबांचा चेहरा माहीत आहे. पूर्वी महिन्यातून एक फोन यायचा, तोही कार्ड संपेपर्यंतच.

ऑफिसातला एक
हे मान्य. तक्त्याबद्दलही बोलतो, मनाविरुद्ध. भरलेले तक्ते ऑफिसात येतात आणि आम्ही फक्त रकाने पुरे आहेत का ते बघतो. बेरीज जुळली की फाइल बंद. त्या एबीचा हात कसा आहे?

बाणकोटचा बोसन
दोन बोटं गेली. आता घरी आहे, वडिलांच्या होडीवर जाळी ओढतो. परत बोटीवर चढणार नाही म्हणतो. तुमच्याकडे पुढच्या महिन्याचे तक्ते येतील तेव्हा बंदरात बोट लागल्याच्या वेळा त्यांच्याशेजारी ठेवून बघा.