मदत हवी आहे: गुडघे बदललेल्या आईला दोन रात्री जंगलात न्यायचंय, ठाण्याहून कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी,

यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी येतोय, त्यामुळे तीन दिवस सलग मिळतात. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७२ वर्षांची. गेल्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे बदलले. सपाट रस्त्यावर काठी घेऊन अर्धा तास नीट चालते. पायऱ्या दहा-बारा जमतात, त्याही कठडा असेल तरच. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं बंदच आहे.

आई राजूरच्या पुढची, अकोले तालुक्यातली. लग्न होऊन ठाण्यात आली त्याला पन्नास वर्षं होत आली. माहेरचं घर आता राहिलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे कासारवडवलीला असते, अकराव्या मजल्यावर. तिच्या पलंगाखाली एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वाळलेले बाळहिरडे, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं. काळे, सुरकुतलेले, मनुकेपेक्षा थोडे मोठे. लेकीला खोकला झाला की त्यातला एक काढून तिच्या हातावर ठेवते आणि चघळायला लावते. लहानपणी उन्हाळ्यात पहाटे उठून हे गोळा करायला जायचो, खडकावर वाळत घालायचो, हे आम्ही शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी ऐकावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात रात्री दोनला मला जाग आली तर ती गॅलरीत उभी. समोर येऊरचा डोंगर, खाली घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग. "झोप येत नाही का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "रातकिडे ऐकू येतात का बघत होते." त्या रात्रीपासून मी जागा शोधतेय. बाबांचं श्राद्ध त्याच आठवड्यात आहे, ते झालं की तिला घेऊन निघायचं, एवढं नक्की ठरवलंय.

आता अडचण सांगते. दोन वर्षांपूर्वी अशाच जोडसुट्टीला आम्ही "घनदाट जंगलातला मुक्काम" अशी जाहिरात बघून एका ठिकाणी आगाऊ पैसे भरले होते. गेलो तर सागाची चार ओळींची लागवड, मध्ये पोहण्याचा तलाव आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर. बाबा तेव्हा होते. दोघंही कानावर उशी दाबून बसले होते. परत येताना बाबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी जरा शांत जागा बघू." ती पुढची वेळ त्यांच्या वाट्याला आली नाही, म्हणून यंदा मला चुकायचं नाहीये.

माझ्या डोक्यात असलेली ठिकाणं अशी.

भीमाशंकर लेकीला हवंय, कारण शाळेत राज्यप्राणी म्हणून शेकरूचं चित्र काढलं होतं. पण देवळापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. शिवाय नकाशात ते कर्जतच्या डोक्यावर दिसतं, पण कोकणातून वर फक्त पायवाटा. गाडीने माळशेज चढून किंवा पुण्याकडून वळसा घालूनच जावं लागतं. आईला इतका वेळ गाडीत पाय दुमडून बसवणार नाही.

माथेरानची झाडी मला मनापासून आवडते आणि गाड्यांना बंदी असल्यामुळे हवाही वेगळी. दस्तुरीला गाडी लावून अमन लॉज स्थानकाहून मिनी ट्रेनच्या शटलने वर गेलं तर आईला फारसं चालावं लागणार नाही. पण जोडसुट्टीला त्या तिकिटाची रांग मी पाहिलीय. घोड्यावर तर ती बसणार नाही.

जव्हार जवळ आहे, दाभोसा धबधबाही छान, पण आमचं एकदा बघून झालंय.

राहिलं भंडारदरा. तिकडे वळावं असं मनातून वाटतंय, कारण तो तिचाच मुलूख. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची झाडी, तो पाऊस प्यालेला डोंगर, सोनकीची पिवळी फुलं. पण मी शेवटची कॉलेजात असताना ट्रेकला गेले होते, तेव्हा गुडघे कोण मोजत होतं! म्हणून विचारते. कसारा घाटात न अडकता जायचं कसं? तळ्याकाठी तंबू बरे की गावात खोली? कमोड आणि उंच पलंग खरंच मिळतो का? आणि गाडीतून उतरल्या उतरल्या झाडीत खुर्ची टाकून बसता येईल अशी जागा कुठली? पोहण्याचा तलाव, कॅम्पफायर, डीजे यातलं काहीही नको.

---

प्रतिसाद:

ताई, भंडारदराच करा. आता समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आलाय (जून २०२५ पासून), तिथे चढून इगतपुरीला उतरायचं. मध्ये सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट अख्खा टळतो. पुढे घोटी, बारी आणि भंडारदरा धरणाजवळचं शेंडी गाव. खरा त्रास घाटाचा नाहीच, ठाण्यातला माजिवडा ते भिवंडीजवळचं वडपे या पट्ट्याचा आहे. शुक्रवारी पहाटे पाचच्या आत माजिवडा सोडा. सात वाजता निघालात तर समृद्धीचा काही उपयोग नाही.

तळ्याकाठचे तंबू आईंसाठी अजिबात नकोत. गाद्या जमिनीवर, संडास लांब, आणि तुम्ही ज्यातून पळून जाताय तो स्पीकर बरोबर तिथेच शनिवारी रात्री वाजतो. शेंडीपासून लांब, रतनवाडी-घाटघरच्या बाजूला गावातली खोली घ्या. फोनवर सगळेच "वेस्टर्न आहे" म्हणतात. न्हाणीघराचा आणि पलंगाचा फोटो मागवा आणि मगच पैसे पाठवा. उंबरा किती उंच आहे तेही विचारा, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

---

प्रतिसाद:

माझ्या सासूबाईंना नेलं होतं, म्हणून लिहिते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघाच. जुनं, काळ्या दगडाचं, कोरीव काम फार सुंदर, बाजूला पुष्करणी. गाडी जवळपर्यंत जाते. सासूबाई आत गेल्या नाहीत, बाहेर झाडाखाली दोन तास बसून होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. घडीची खुर्ची मात्र घरून न्या. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडतात, सुटे पैसे ठेवा. रेंज जाते, औषधं मोजून दोन दिवसांची जास्त घ्या. जेवण आदल्या दिवशी सांगितलं तर नाचणीची भाकरी आणि हातसडीचा भात मिळतो.

लेकीला शेकरूचं वचन देऊ नका. त्याला एकमेकांत गुंतलेले झाडांचे शेंडे लागतात, तो जमिनीवर क्वचितच उतरतो. भीमाशंकरला दिसण्याची शक्यता जास्त, ती सहल तुम्ही तिघं वेगळी करा.

आणखी एक. दिवस पितृपक्षाचे आहेत, म्हणजे कृष्णपक्ष. चंद्र उशिरा उगवेल. जेवण लवकर उरका, दिवे मालवा आणि आईंना अंगणात बसवा. तेवढा काळोख त्यांना ठाण्यात पन्नास वर्षांत मिळाला नसेल. परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडत येतो, छत्री आणि बॅटरी हाताशी असू द्या. सकाळी चपला झटकून घाला.

---

धागाकर्तीचं उत्तर:

दोघांचेही मनापासून आभार. उंबऱ्याचं तर माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. काल रतनवाडीच्या बाजूला एका घरी फोन केला. काकांनी लगेच फोटो पाठवले: लाकडी पलंग, कमोड, भिंतीला धरायला दांडा नाही. "दांडा बसवून देतो, तुम्ही या," म्हणाले. भाडं विचारायच्या आधी त्यांनी आईचं गाव विचारलं. मग फोन आईकडे गेला तो वीस मिनिटं परत आलाच नाही. दोघं कुठल्याशा लग्नातल्या ओळखी काढत होते.

लेकीला शेकरूचं खरं सांगितलं. थोडी हिरमुसली. मग आजीने तिला हिरड्याचं झाड कसं ओळखायचं ते दाखवायचं कबूल केलंय. "बाळहिरडा आता नसायचा, पण पान तरी हातात देईन," म्हणाली.

एकच प्रश्न राहिला. रविवारी परत येताना जेवण करून दुपारी दोनला निघालो तर माजिवड्याला किती वाजतात? की सकाळीच निघावं? तिला एक दुपार तिथे जास्त मिळाली तर बरं, म्हणून विचारते.