जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला दुसऱ्या मॉडेलचं सामान: लावावं की नाही?

निफाडचा शेतकरी:
लावावं, असं माझं ठाम मत आहे. घरी एचएमटी २५११ ट्रॅक्टर आहे. पिंपळगावकडे एक ३५११ भंगारात निघालाय. आपलं इंजिन दोन सिलिंडरचं, त्याचं तीन, पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) दोन्हीकडे ९५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ११०. हे मूळ डिझाइन झेटर या चेक कंपनीचं. तिने ही मालिका काढलीच अशी, की पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) एकमेकांत चालावेत. तरी मेस्त्री म्हणतात, पिस्टन-स्लीव्हचं नवीन किट आणल्याशिवाय इंजिन खोलत नाही. का?

सातपूर लेथवाला:
भाऊ, झेटरपुरतं तुमचं बरोबर. पण हाच हिशोब सगळीकडे लावला की ब्लॉक वाया जातो. जुना महिंद्रा बी-२७५ घ्या. बोअर ८५.७ मिमी, त्याच घराण्यातल्या बी-४१४ चा ८८.९, स्ट्रोक दोघांचा १०१.६. लोक म्हणतात, बोअर वाढवा, ४१४ चे पिस्टन टाका, ताकद वाढेल. डिझेल पंप जुन्याच सेटिंगवर, मग ताकद येणार कुठून? आणि नावावर तर जाऊच नका. २७५ डीआय टीयू तीन सिलिंडरचा, डायरेक्ट इंजेक्शनचा. त्याच्या पिस्टनच्या डोक्यावर वाटी असते. बी-२७५ चार सिलिंडरचा, त्यात डिझेल हेडमधल्या चेंबरमध्ये पेटतं. नुसता आकडा सारखा.

दिंडोरी बागायतदार:
लेथवाले दादा, तुम्ही वाईटच उदाहरणं निवडलीत. पर्किन्स या इंजिन कंपनीचं तीन सिलिंडरचं १५२ आणि चार सिलिंडरचं २०३, दोन्हींचा बोअर ९१.४४, स्ट्रोक १२७. कंपन्यांनी स्वतःच मापं सारखी ठेवली. ज्या ट्रॅक्टरवर फक्त फवारणीचं पाणी ओढायचं, त्याला नवीन किटचा खर्च शेतकऱ्याने का करावा?

सातपूर लेथवाला:
तेच पर्किन्स १५२ ज्यात बसायचं, त्या मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरला इंग्लंडमध्ये आधी स्टँडर्डचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, नंतर पर्किन्सचं तीनचं. बॉनेटवर ३५ च. म्हणून म्हणतो, ब्लॉकवरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.
निफाडकर, तुमच्या स्लीव्ह ओल्या, म्हणजे बाहेरून पाणी खेळतं. स्लीव्हची कॉलर (वरची कड) ब्लॉकच्या फेसपेक्षा, म्हणजे वरच्या सपाट पृष्ठभागापेक्षा, किंचित वर यायलाच हवी. डायल गेज (बारीक उंची मोजायचं घड्याळ) लावून बघा, खाली बसली तर गॅस्केट दाबत नाही आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. खालचे रबरी रिंग नवेच घ्या. स्लीव्हच्या आत वरच्या टोकाला नख फिरवा. पायरी लागली तर स्लीव्ह झिजलीय, फुकट मिळाली तरी नको. पिस्टन काट्यावर तोला. पिस्टन आणि त्याची स्लीव्ह, ही जोडी फोडू नका.

निफाडचा शेतकरी:
हे सगळं करून घेतो, पण मत तेच. चांगल्या निघाल्या तर दोन जोड्या इंजिनात, तिसरी घरात राहील. नवीन किटमध्ये ती कोण देतं?

सातपूर लेथवाला:
तिसरी राहील, हे तिन्ही चांगल्या निघाल्या तर. भंगारातल्या तीनपैकी एखादी तरी गंजून पिस्टन जाम झालेली निघतेच. भाव दोन जोड्यांचाच करा.