गेममधलं गाव 'विकत घेतलं' म्हणणाऱ्यांना उत्तर

रबाळे नाइट शिफ्ट:
काल इथे एकाने क्लॅश ऑफ क्लॅन्सवर, म्हणजे फोनवरच्या गाव बांधायच्या गेमवर, लिहिलं, "जेम विकत घेणारे गाव बांधत नाहीत, गाव विकत घेतात. दम धरता येत नसेल तर खेळू नका." लागलं मला ते, म्हणून सविस्तर लिहितोय. जेम म्हणजे गेममधलं चलन, खरे पैसे टाकूनही मिळतं. मी २०१४ पासून खेळतो. तेव्हा एक अटॅक मारला की फौज परत तयार होईपर्यंत ताटकळायचो, २०२५ मध्ये कंपनीने तो ट्रेनिंगचा वेळच काढून टाकला, मग दम कोणाला धरायला सांगताय? पाचवा बिल्डर, म्हणजे गावात बांधकाम करणारा गडी, २००० जेमचा. झुडपं तोडून, दगड फोडून कधी दोन तर कधी पाच जेम मिळतात, त्यावर तो घ्यायला किती महिने जातात ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. माझी बारा तासांची ड्यूटी, फोन गेटवर लॉकरमध्ये, बाहेर येईपर्यंत बिल्डर झोपलेले आणि लूट गेलेली. बोनस आला तेव्हा पैसे टाकले आणि पाचवा घेतला. वॉरचे, म्हणजे आमच्या क्लॅनच्या (खेळाडूंच्या गटाच्या) दुसऱ्या क्लॅनशी लढाईतले, माझे दोन्ही अटॅक मी मारतोच, सकाळच्या ठाणे गाडीत, रबाळ्याला चढल्या चढल्या पाठ टेकवायला जागा शोधायची आणि सुरू करायचं, तीन मिनिटांचं काम, मध्येच रेंज गेली की तीन स्टारचा एक स्टार होतो. हे कुठे विकत मिळतं सांगा.

पैसे टाकत नाही:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. माझ्या बहिणीचा कळव्याला डब्यांचा धंदा आहे. आठवीतल्या भाच्याने अशाच एका गेममध्ये, क्लॅश नव्हे, तिच्या फोनवरून थोडे थोडे करत चार हजार घालवले. का, तर ग्रुपमधले मोठे दादा म्हणाले पॉवर वाढव नाहीतर काढून टाकू. पिन त्याला पाठच होता, लाइट बिल तोच भरायचा. त्या महिन्यात तिने किराणावाल्याकडे उधारी केली, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही टाकता म्हणून न टाकणाऱ्या पोरांवर प्रेशर येतं.

रबाळे नाइट शिफ्ट:
भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. पण त्या दादांचं पाप माझ्या माथी का मारताय? आमच्या क्लॅनमध्ये बेस, म्हणजे कोणाचं गाव किती वाढलंय ते, बघून कोणाला काढत नाहीत. वॉरमध्ये नाव देऊन दोन्ही अटॅक न मारता गायब झाला तर काढतात, मग तो पैसेवाला का असेना.

सानपाडा आई:
आमच्या सोसायटीमागचं मैदान पार्किंगमध्ये गेलं. आधी पोरं तिथे मातीत किल्ले करायची, आता फोनवर करतात. तुम्ही पैशांवर भांडताय, मला त्या मैदानाचं कोणीतरी सांगा.

वाशी सेक्टर सतरा:
मैदानाचं दुःख खरं आहे, पण हा गेम पोरांना वाईट शिकवत नाही. रिकामी जमीन, आधी आराखडा, मग घरं. नवी मुंबई अशीच झाली ना? चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता, शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, ३४४ चौरस किलोमीटरचं शहर कागदावर आधी उभं राहिलं. आमच्याकडचे होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायचे तलाव, बघा, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं साठून ओहोटीला बाहेर जावं, डच लोकांची पद्धत. याला म्हणतात प्लॅनिंग.

तळवलीचा आगरी:
रिकामी जमीन?? ९५ गावं होती साहेब. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत मासे होते. रिकामी जमीन गेममध्ये असते. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे जासईला लोक उभे राहिले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा विषय पुढे आला. आणि डच पद्धत म्हणता? माझा आजा खारजमिनीच्या बांधाला उघाडी लावायचा. ओहोटीला फळी उचलायची, शेतातलं पाणी सोडायचं, भरती फिरायच्या आत खाली सोडायची. रात्री दोनला कंदील घेऊन जायचा, पायाखालचा चिखल गार लागला की पाणी फिरलं म्हणायचा. त्याला कोणी प्लॅनर म्हटलं नाही.

वाशी सेक्टर सतरा:
मी तुमच्या आजोबांचा अपमान केलेला नाही, तोंड सांभाळून बोला. मी १९८६ ला आलो तेव्हा वाशीला स्टेशनही नव्हतं. आम्हीही काढलेत दिवस.

तळवलीचा आगरी:
तुम्ही दिवस काढलेत, आम्ही जमीन दिलीय. दोन्ही एका काट्यात नका तोलू.

पैसे टाकत नाही:
विषय गेमचा होता ना?

तळवलीचा आगरी:
विषय 'गाव कोणी बांधलं' हाच आहे. तुमचंच वाक्य आहे, विकत घेणारा बांधत नाही. गावाला लागून टॉवर झालाय, तिथले लोक आम्हाला विचारतात तुम्ही इथे कधी आलात!

वाशी सेक्टर सतरा:
'रिकामी' हा शब्द चुकला. एवढंच मान्य करतो. उघाडीचं मला माहीत नव्हतं, पण सबंध शहराला पुरेल असे तलाव एका बांधावर होत नाहीत, हे तुम्हीही माना.

तळवलीचा आगरी:
होत नाहीत, मानलं. पण ते तलाव गाळाने भरलेत, तेही बघा जाऊन. आणि गेम मीपण खेळतो, माझं गाव टाऊन हॉल ११ च्या पातळीला आहे. कोपऱ्यात २०१६ च्या नाताळचं झाड आहे, तोडलं तर जेम मिळतील, मी तोडत नाही. नवीन आलेले पोरगे विचारतात दादा जागा का अडवलीय.

रबाळे नाइट शिफ्ट:
माझ्याकडे असं एकही उरलं नाही, पाचव्या बिल्डरच्या नादात सगळी साफ केली होती, शेवटी जेम कमी पडले ते पडलेच. याचं मात्र वाईट वाटतं, एवढा मुद्दा त्या काल लिहिणाऱ्याला देऊन टाकतो.

पैसे टाकत नाही:
घेतलं. बिल्डरचं अजूनही पटलेलं नाही.

रबाळे नाइट शिफ्ट:
नका पटवून घेऊ. तळवलीवाले, आमच्या क्लॅनमध्ये दोन जागा आहेत, वॉर शनिवारी रात्री लागतं. झाडासकट या.