रॅम्पवरचा सिग्नल : फायदा नक्की कुणाचा?

उत्तरध्रुव :
मिनीआपोलिसकरांना, आणि वाहतुकीतलं कळणाऱ्या कुणालाही विचारतोय. घर शहरातच, ३५-डब्ल्यू हायवेवर चढायच्या एका रॅम्पजवळ. सकाळी रॅम्पवर सिग्नल, एका हिरव्याला एकच गाडी. समोर हायवे चांगला वाहतोय आणि आम्ही खोळंबलेलो! तिकडे लांबच्या बर्न्सव्हिल उपनगरातून येणारा सुसाट पुढे, कारण तो आधीच हायवेवर चढलेला. या यंत्रणेवरचा खर्च खरंच वसूल होतो का, की हायवेवरची रांग उचलून आमच्या दारात आणून ठेवलीय?

गोदाकाठ :
अहो, हेच भांडण इथे मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळात झालंय. डिक डे नावाचे सेनेटर या सिग्नलांच्या हात धुऊन मागे लागले होते. शेवटी २००० च्या शरद ऋतूत सुमारे ४३० सिग्नल सहा आठवडे बंद ठेवून बघितले. मी तेव्हा इथेच होतो; पहिल्या दिवशी सगळे खूश. हिशोब आला तो असा : हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी. सिग्नलांचा फायदा खर्चाच्या पंधरापट निघाला. एक गोष्ट मात्र उलटी : सिग्नल चालू असताना पेट्रोल जास्त जळतं.

चकवा :
हायवे वाहता दिसतो तो सिग्नलमुळेच. खालच्या चौकातून सुटलेल्या आठ-दहा गाड्या एकदम आत घुसल्या की उजव्या लेनवाला ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त, आणि पार मागे कुणीतरी थांबतोच. एकदा प्रवाह असा मोडला की त्याच रस्त्यावरून तासाला आधीपेक्षा कमी गाड्या निघतात. तुमची रांग म्हणजे ते नुकसान टाळण्याची किंमत.

उत्तरध्रुव :
पटलं. पण किंमत भरतोय मी आणि माल नेतोय बर्न्सव्हिलवाला! पंधरापट ही सगळ्यांची मिळून बेरीज झाली. शहरापासून लांब घर घेणाऱ्याला बक्षीस आणि शहरात राहणाऱ्याला दंड, हे त्या आकड्यात कुठे दिसतं?

गोदाकाठ :
मुद्दा रास्त आहे, आणि तो ऐकलाही गेला. आधी काही रॅम्पवर दहा मिनिटांच्या वर थांबावं लागायचं. प्रयोगानंतर मर्यादा घातली : साध्या रॅम्पवर चार मिनिटं, एका हायवेवरून दुसऱ्यावर जाताना दोन. म्हणजे बर्न्सव्हिलवाल्याचा थोडा वेग काढून तुम्हाला दिला. चारच्या वर थांबावं लागत असेल तर वेळ लिहून ठेवा आणि राज्याच्या परिवहन खात्याला कळवा, नुसतं कुरकुरून काय होणार?
आणि काही रॅम्पना दोन माणसं असलेल्या गाड्यांसाठी बाजूची लेन असते. तुमच्याकडे असेल तर वहिनींना सोबत घ्या की.

उत्तरध्रुव :
तिचं ऑफिस उलट्या दिशेला आहे हो. तिच्या रॅम्पवर सिग्नल लागतच नाही.